रिकामा शब्द : घरातल्या संगणकांच्या परवलीचा इतिहास

एका घरात दोन संगणक आहेत. एक मेजावर कायमचा बसलेला, दुसरा मांडीवर घेऊन हिंडता येण्याजोगा. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले आणि दोहोंचा मालकही एकच. मांडीवरच्या संगणकावरून मेजावरच्या संगणकातले एखादे फोल्डर उघडू गेल्यास पडद्यावर एक चौकट येते आणि नाव व पासवर्ड विचारते. मालक आपले नाव लिहितो, रोजचा पासवर्ड लिहितो. चौकट नाहीशी होते आणि क्षणभराने पुन्हा उभी राहते. ज्या घरात संगणकाला पासवर्ड ठेवलेलाच नाही, तेथे याहूनही विचित्र प्रकार घडतो. जो शब्द अस्तित्वातच नाही तोच चौकट मागते, आणि रकाना रिकामा सोडून कळ दाबली तर तो रिकामेपणा तिला चालत नाही.

हा अनुभव इतका सर्वसाधारण आहे की त्याकडे दुरुस्तीचा विषय म्हणूनच पाहिले जाते. कोणीतरी जाणकार येतो, दोनचार खुणा इकडच्या तिकडे करतो, चौकट येईनाशी होते आणि विषय संपतो. आम्हांला मात्र या चौकटीचा इतिहास पाहण्याजोगा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाला 'अभिज्ञान' हा विषय नवा नाही. अंगठी हरवल्यामुळे न ओळखली गेलेली शकुंतला आणि मुद्रेच्या अनुमतिपत्राशिवाय मलयकेतूच्या छावणीबाहेर पडताना पकडला जाणारा 'मुद्राराक्षसा'तला सिद्धार्थक ही दोन्ही पात्रे याच प्रश्नाभोवती उभी आहेत. आपण आपले आहोत हे दुसऱ्याला कसे पटवावे, हा तो प्रश्न. घरातली ती चौकट हाच प्रश्न विचारते. फरक इतकाच की ती तो घरातल्याच माणसाला विचारते.

परवल : समूहाचा शब्द

'परवलीचा शब्द' ही मराठी संज्ञा मूळची पहाऱ्याची, छावणीची. पासवर्डला प्रतिशब्द म्हणून ती सहज रुळली. परंतु जुनी परवल आणि संगणकाचा पासवर्ड यांत मोठे अंतर आहे, आणि ते या प्रतिशब्दामुळे झाकले जाते.

भीष्मपर्वाच्या आरंभी, युद्धाला तोंड लागण्यापूर्वी, युधिष्ठिर आपल्या सैनिकांना निरनिराळ्या संज्ञा ठरवून देतो. ती संज्ञा जो उच्चारील तो पांडवांकडचा, असा त्यामागचा संकेत. ही गरज का पडावी, याचा विचार करण्याजोगा आहे. समोरचे सैन्य परभाषिक असते, त्याचा वेष निराळा असता, तर शब्दाचे काम पडले नसते. कुरुक्षेत्रावर मात्र एकाच कुळातली माणसे दोन्ही बाजूंना होती आणि भाषाही एकच होती. चेहऱ्यावरून आपला-परका कळेनासा होतो तेथे परवल जन्माला येते. ते घर दुभंगल्याचे चिन्ह असते.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने रोमन छावणीतली पद्धत तपशीलवार नोंदवली आहे. रोज सूर्यास्ताच्या सुमारास ठराविक सैनिक अधिकाऱ्याकडून त्या रात्रीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेई. ती पाटी तुकडीतुकडीतून हिंडत अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यावी लागे. न आल्यास ती कोठे अडली, याचा छडा लावता येत असे.

या जुन्या परवलीचे तीन विशेष दिसतात. ती समूहाची असे. एका माणसाची नसे. तिचे आयुष्य एका रात्रीचे, फार तर एका लढाईचे असे. आणि ती उच्चारली जाई, म्हणजे ऐकणाऱ्या माणसाच्या कानांवर विसंबून असे. संगणकाचा पासवर्ड या तिन्ही बाबतींत उलटा आहे. तो एकट्याचा असतो, वर्षानुवर्षे तोच राहतो आणि तो उच्चारायचा नसतो. हा उलटा प्रवास कोठे सुरू झाला, ते पाहण्यासाठी रणांगण सोडून एका विद्यापीठाच्या गणनकेंद्रात जावे लागते.

शिधा मोजण्यासाठी आलेला शब्द

१९६१ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सी.टी.एस.एस.' नावाची व्यवस्था प्रथम चालवून दाखविली. एकच अवाढव्य संगणक, परंतु त्याचा वेळ लहान लहान तुकड्यांत अनेकांना वाटून द्यायचा, जेणेकरून आपापल्या टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे बसलेल्या प्रत्येकाला संगणक आपल्याच ताब्यात आहे असे वाटावे, ही त्यामागची कल्पना. यातून दोन गरजा उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणे ही एक. कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब ठेवणे ही दुसरी. या दोहोंसाठी प्रत्येक वापरकर्त्याला एक शब्द देण्यात आला. संगणकावरील पासवर्डाचा हा बहुधा पहिला वापर. त्या व्यवस्थेच्या मार्गदर्शिकेत असेही नमूद आहे की, पासवर्ड लिहिताना शक्य तेथे टंकयंत्राची उमटविण्याची क्रिया थांबविली जाते, म्हणजे वापरकर्त्याला तो खाजगीपणे लिहिता यावा. आजच्या चौकटीत अक्षरांच्या जागी उमटणारे काळे ठिपके हे त्या न उमटलेल्या अक्षरांचेच वारस होत.

येथे शत्रू कोणी नव्हता. एकाच संस्थेतले, एकमेकांना ओळखणारे संशोधक होते आणि टंचाई होती ती संगणकाच्या वेळेची. थोडक्यात, हा शब्द पहाऱ्याचा कमी आणि शिधापत्रिकेचा अधिक. तो फुटलाही शिधा वाढवून घेण्यासाठीच. अ‍ॅलन शेर या संशोधकाला प्रबंधाच्या कामासाठी ठरवून दिलेला वेळ पुरेना. १९६२ साली त्यांनी पासवर्डांची फाइल छापून मिळावी अशी विनंती छिद्रित कार्डावर करून पाहिली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुष्कळ वर्षांनी सांगितली. पुढे त्याच दशकात आणखी एक गंमत घडली. रोज प्रवेश करताना दिसणारी सूचना आणि पासवर्डांची फाइल या दोहोंची अदलाबदल झाली आणि जो कोणी आत येई त्याच्यासमोर सर्वांचे गुप्त शब्द छापले जाऊ लागले. संपादन करणाऱ्या दोघांच्या तात्पुरत्या फाइलींना यंत्र एकच नाव देत असे, एवढेच कारण. कोर्बाटो यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. त्या व्याख्यानाचा विषयच बिघडणाऱ्या व्यवस्थांची उभारणी हा होता.

शब्द गुप्त ठेवायचा, पण ज्याला तो पडताळून पाहायचा आहे त्याच्याजवळ तो लिहिलेला असणारच, हा पेच त्या प्रसंगाने उघडा पाडला.

रिकाम्या शब्दाचे बंड

त्याच संस्थेच्या आवारात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसरी एक व्यवस्था उभी राहिली. तिचे नाव 'आय.टी.एस.'. पहिल्या व्यवस्थेच्या नावात 'सुसंगत' हा शब्द होता, म्हणून हिच्या नावात मुद्दाम 'विसंगत' हा शब्द घातलेला. येथे आरंभी पासवर्ड नव्हता. कोणीही कोणाचीही फाइल वाचावी, सुधारावी. सबंध यंत्र बंद पाडण्याची आज्ञाही सर्वांना खुली होती, कारण जे कोणालाही सहज करता येते ते करून दाखविण्यात पराक्रम उरत नाही, असा तिच्या कर्त्यांचा हिशेब. ही प्रयोगशाळा म्हणजे वाडाच म्हणायचा : दारे उघडी, आणि कोण कोठे काय करतो ते सर्वांना ठाऊक.

१९७७ साली शेजारच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत पासवर्ड सक्तीचे झाले तेव्हा रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने ते उलगडून काढले आणि एकेका वापरकर्त्याला संदेश धाडला. तुमचा शब्द अमुक आहे असे कळते. त्यापेक्षा नुसती कळ दाबून आत येण्याची सोय करावी, म्हणजे टंकायला सोपे जाईल आणि सुरक्षिततेचा आभासही उरणार नाही, असा त्या संदेशाचा आशय होता. सुमारे पाचवा हिस्सा वापरकर्त्यांनी ते ऐकले आणि आपला शब्द रिकामा केला.

हा रिकामा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पासवर्ड नसणे आणि पासवर्ड रिकामा असणे यांत फरक आहे. पहिल्यात दारच नाही. दुसऱ्यात दार आहे, कडी आहे, पण ती लावलेली नाही. कडी न लावण्यातही एक विधान असते : येथे येणारा आपलाच आहे. स्टॉलमन यांनी पुढे मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ उभारली, तिची बीजे या उघड्या कडीच्या वाड्यात होती. परंतु बंड टिकले नाही. यंत्रे दूरच्या जाळ्यांना जोडली जाऊ लागली होती आणि दाराशी येणारा चेहरा दिसेनासा झाला होता.

माणसे कोणते शब्द निवडतात

पडताळणाऱ्याजवळ शब्द लिहून न ठेवताही पडताळणी कशी करावी, याचे उत्तर इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे रॉजर नीडहॅम यांनी १९६०च्या दशकातच शोधले होते. शब्दाचे असे रूपांतर करायचे की त्यावरून मूळ शब्दाकडे परत जाता येऊ नये, आणि जपून ठेवायचे ते हे रूपांतरच. दळलेल्या पिठावरून जात्यात पडलेला दाणा पुन्हा घडविता येत नाही, तसे. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स या व्यवस्थेने ही रीत उचलली, आणि रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ साली तिचा इतिहास एका निबंधात लिहिला. एकच शब्द दोघांनी निवडला तरी त्याचे पीठ वेगवेगळे निघावे म्हणून प्रत्येक शब्दात थोडी यादृच्छिक अक्षरे मिसळण्याची युक्ती त्यात आहे. तिला त्यांनी नाव दिले ते 'मीठ'.

पण त्या निबंधात लक्षात राहतो तो एक तक्ता. त्यांनी वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड गोळा केले होते. त्यांपैकी १५ एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे, ४७७ चार अक्षरांचे वा अंकांचे. ७०६ पाच अक्षरांचे, ६०५ सहा लहान अक्षरांचे, आणि ४९२ शब्दकोशांत किंवा नावांच्या याद्यांत सापडणारे. म्हणजे ८६ टक्के शब्द सहज शोधता येण्याजोगे. गणित पक्के होते, पण भाषा कच्ची निघाली. माणसाला स्वतःचा गुप्त शब्द निवडायला सांगितले की तो सर्वांच्या बोलण्यातलाच एखादा शब्द उचलतो. भाषा ही मुळात सामायिक वस्तू आहे, तिच्यातून एकट्याचा शब्द काढणे तिच्या स्वभावाविरुद्ध जाते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

या हकीकतीला एक कौटुंबिक उपसंहार आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक किडा सुटला आणि हजारो यंत्रे मंदावली. तो जे मार्ग वापरत होता त्यांपैकी एक होता पासवर्ड ओळखण्याचा. वापरकर्त्याचे नाव, तेच नाव उलटे, नंतर ४३२ शब्दांची एक यादी, नंतर शब्दकोश. दुसरा मार्ग होता यंत्रायंत्रांमधील विश्वासाचा : काही संगणक ठराविक शेजाऱ्यांना काही न विचारता आत घेत, आणि किडा त्या शेजारधर्मावरूनच पुढे सरके. हा किडा लिहिणारा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस हा १९७९च्या त्या निबंधाचे सहलेखक रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा होता. वडिलांनी जो दोष तक्त्यात मांडला, तो मुलाने चालवून दाखविला.

खोलीचा शब्द आणि माणसाचे नाव

आता घराकडे वळू. १९८०च्या दशकाच्या आरंभी आय.बी.एम.मध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एक संभाषणपद्धती रचली. डॉसवर चालणाऱ्या संगणकाने आपल्या स्वतःच्या तबकडीवरची फाइल मागावी तशीच ती शेजारच्या संगणकाकडेही मागता यावी, हा तिचा हेतू. 'एस.एम.बी.' या नावाने ती ओळखली जाते. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढविली आणि आज घराघरांतली फाइलींची देवघेव मुख्यतः तिच्याच सुधारलेल्या रूपांतून चालते.

या पद्धतीचे पहिले रूप घराला जवळचे होते. त्यात शब्द खोलीचा असे, म्हणजे फोल्डरचा; माणसाचे नाव कोणी विचारीत नसे. विंडोज ९५ आणि ९८ वापरलेल्या वाचकांना आठवत असेल : फोल्डर सामायिक करताना वाचण्यापुरता एक शब्द आणि पूर्ण मुभेचा दुसरा शब्द ठेवता येई. हा शब्द जुन्या परवलीच्या जातीचा होता, समूहाचा. आई, वडील, मुले, पाहुणा, ज्याला तो ठाऊक त्याला खोली उघडी. मात्र कुलूपच कच्चे होते. किती अक्षरे पडताळायची हे दाराबाहेर उभा असलेलाच सांगत असे. त्याने एकच अक्षर पाठविले तर दारही फक्त पहिले अक्षर जुळते का एवढेच पाही. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ही चूक दुरुस्त केली, पण दुरुस्ती बसविण्याची तसदी थोड्यांनीच घेतली असावी. कारण २००२ साली 'ओपासर्व्ह' नावाचा किडा याच फटीतून घरोघर शिरला.

दुसरे रूप कचेरीचे. त्यात शब्द माणसाचा. आधी नाव सांगा, मग शब्द सांगा, मग कोणती खोली पाहायची ते ठरेल. कचेरीत यासाठी एक मध्यवर्ती सर्व्हर असतो. सर्वांची नोंद त्याच्याकडे, आणि प्रत्येक यंत्र त्याची साक्ष मानते. घरात असा साक्षीदार नसतो. प्रत्येक संगणकाजवळ स्वतःची वही असते आणि दुसऱ्याच्या वहीतले नाव त्याला परके असते. पहिल्या परिच्छेदातल्या मालकाचे कोडे येथे सुटते. त्याने मांडीवरच्या संगणकाच्या वहीतले नाव सांगितले. मेजावरच्या वहीत ते नव्हते, किंवा होते पण त्यापुढचा शब्द निराळा होता. दोन्ही वह्यांत तेच नाव आणि तोच शब्द असेल तर चौकट येतच नाही, कारण यंत्र ती जुळवणी पडद्यामागे करून मोकळे होते. एकाच माणसाची दोन घरांत दोन नावे असावीत आणि दोन्ही घरांना ती एकाच व्यक्तीची आहेत हे कळू नये, तसे हे आहे.

या पद्धतीची भाषा बाहेरच्या माणसाने कशी शिकली, ती कथा साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष भावेल. डिसेंबर १९९१ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातील विद्यार्थी अँड्रू ट्रिजेल यांना दोन निराळ्या जातींचे संगणक एकमेकांशी बोलते करायचे होते. व्याकरण हाती नव्हते. त्यांनी तारेवरून जाणारे संभाषण टिपून ठेवले आणि त्यावरून भाषा बांधली. या रीतीची तुलना त्यांनी पुढे फ्रेंच उपाहारगृहात बसून गिऱ्हाईक काय म्हणते आणि वाढपी काय आणतो ते पाहत फ्रेंच शिकण्याशी केली आहे. यातून 'सांबा' हे मुक्त सॉफ्टवेअर निर्माण झाले. 'एस', 'एम', 'बी' ही अक्षरे क्रमाने असलेला शब्द त्यांनी शब्दकोशाच्या यादीतून शोधून काढला, म्हणून ते नाव. युरोपीय आयोगाशी झालेल्या दीर्घ खटल्यात मायक्रोसॉफ्ट हरल्यानंतर, डिसेंबर २००७ मध्ये, दहा हजार युरो भरून या भाषेचे अधिकृत व्याकरण सांबाच्या मंडळींना मिळाले. तोवर सोळा वर्षे ते कानाने शिकलेल्या भाषेवरच चालवीत होते. त्याच सांबाने २०१२च्या चौथ्या आवृत्तीत खोलीच्या शब्दाची पद्धत काढून टाकली. समूहाची परवल तेथे संपली.

रिकाम्या शब्दाला बंदी

२००१ साली विंडोज एक्सपी आले आणि कचेरीसाठी घडविलेला गाभा प्रथमच मोठ्या प्रमाणावर घरांत उतरला. त्याबरोबर माणसाच्या नावाची पद्धतही आली. घरातली माणसे संगणकाला पासवर्ड ठेवीत नाहीत हे कर्त्यांना ठाऊक होते. त्यांनी दोन तोडगे काढले. घरगुती आवृत्तीत जाळ्यावरून येणारा प्रत्येक जण, मग तो मालक का असेना, 'पाहुणा' समजावा, हा पहिला. ज्या खात्याचा शब्द रिकामा आहे त्या खात्याने फक्त यंत्रापुढे प्रत्यक्ष बसूनच काम करावे, जाळ्यावरून त्या नावाने प्रवेश नाही, हा दुसरा.

दुसरा नियम शहाणपणाचा होता. कडी न लावलेल्या घराला निदान रस्त्यावरून दार दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण १९७७ साली ज्या रिकाम्या शब्दाने दार उघडत असे, त्याच रिकाम्या शब्दाने २००१ नंतर ते बंद होऊ लागले. स्वतःच्या घरात पासवर्ड न ठेवणारा गृहस्थ जाळ्यावरून आपल्याच यंत्राकडे गेला की चौकट त्याला शब्द विचारते आणि 'माझा शब्द नाही' हे खरे उत्तर तिला स्वीकारता येत नाही. येथे खोटे कोणीच बोलत नाही, आणि तरीही ओळख पटत नाही.

पुढच्या वर्षांत घराची व्याख्या यंत्राला शिकविण्याचे प्रयत्न झाले. विंडोज व्हिस्टा (२००७) नवे जाळे भेटताच ते घरचे, कामाचे की सार्वजनिक, असे विचारू लागले. विंडोज ७ (२००९) मध्ये 'होमग्रुप' आला. पहिला संगणक स्वतःच एक शब्द घडवी, तो कागदावर लिहून घ्यायचा आणि घरातल्या प्रत्येक संगणकाला एकदा सांगायचा. नंतर कोणी काही विचारणार नाही. रोमन पाटीचीच ही नवी आवृत्ती म्हणावी : शब्द समूहाचा, लिहून हातोहात दिलेला. पण ती चालत असे केवळ त्याच जातीच्या संगणकांत. फोन, छपाईयंत्रे, दूरचित्रवाणी संच, इतर कंपन्यांची यंत्रे त्या कुटुंबात बसत नव्हती. एप्रिल २०१८च्या विंडोज १० आवृत्तीतून होमग्रुप काढून टाकण्यात आला.

तोवर आणखी एक गुंता वाढला होता. २०१२ पासून संगणकाचे खाते दूरच्या सर्व्हरवरील ईमेलशी जोडले जाऊ लागले, आणि रोजच्या प्रवेशासाठी चार आकडी पिन आला. पिन त्या एका यंत्रापुरताच खरा असतो. शेजारच्या यंत्राला तो सांगून उपयोग नाही, त्याला ईमेल आणि मूळ पासवर्डच हवा. रोज पिन टंकणाऱ्या माणसाला तो मूळ शब्द आठवत नाही. आपल्याच शब्दाचा विसर पडलेला मालक आपल्याच दाराशी उभा, हे चित्र शापित दुष्यंताची आठवण करून देणारे आहे. विस्मृती मात्र येथे कोणाच्या शापाने आलेली नाही, सोयीने आलेली आहे.

शब्दाकडून मुद्रेकडे

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा किडा जगभर पसरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली त्याने कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द कराव्या लागल्या. तो शिरला एस.एम.बी.च्या पहिल्या, जुन्या रूपातल्या चुकीतून, आणि शिरताना त्याने कोणाचाही पासवर्ड विचारला नाही की सांगितला नाही. पासवर्डावरून इतकी वर्षे वाद चाललेल्या दारात भिंतीलाच भोक निघाले.

त्यानंतर दारे झपाट्याने मिटली. त्याच वर्षाच्या शरदातील आवृत्तीपासून विंडोजने एस.एम.बी.चे जुने रूप आपण होऊन बसविणे थांबविले, आणि पाहुण्याचा प्रवेशही टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. २०२४च्या विंडोज ११ आवृत्तीत 'प्रो' यंत्रे प्रत्येक संदेशावर सही मागू लागली. ही सही समजून घेतली पाहिजे, कारण तिने पासवर्डाचे कामच बदलले आहे. नाव आणि शब्द पटले की दोन यंत्रे त्या शब्दाच्या आधारे एक तात्पुरती किल्ली तयार करतात, आणि पुढच्या प्रत्येक संदेशावर तिचा ठसा उमटवितात. मध्येच कोणी मजकूर बदलला तर ठसा जुळत नाही. पूर्वी शब्द दार उघडून बाजूला होई. आता तो मुद्रेसारखा प्रत्येक पत्रावर उमटत राहतो. 'मुद्राराक्षसा'त राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती पडते आणि तिच्या ठशाचे खोटे पत्र सबंध कारस्थान उलटविते. तो धोका ज्यांना कळला आहे त्यांनीच ही सोय घडविली.

पाहुण्याचे मात्र यात जमत नाही. त्याच्याजवळ शब्द नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. ज्याचे गुपित नाही त्याला या संभाषणात बोलताच येत नाही. रिकाम्या शब्दाचा इतिहास येथे पुरा होतो. पूर्वी तो नको म्हणून नाकारला गेला. आता त्यातून काही घडविताच येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरला आहे.

आपल्या अक्षरांचा प्रश्न

मराठी वाचकाच्या दृष्टीने एक मुद्दा राहतो. जाळ्यावरील जुन्या विंडोजची शब्द जपण्याची रीत अशी : अक्षरे चौदापुरती मर्यादित करायची, सर्व मोठ्या लिपीत बदलायची आणि सातसातचे दोन तुकडे वेगवेगळे दळायचे. तुकडे पाडल्यामुळे ते फोडणे फार सोपे झाले, हा त्यातला प्रसिद्ध दोष. देवनागरीला त्यात जागाच नव्हती, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. विंडोज एन.टी.च्या दुसऱ्या रीतीत युनिकोडमुळे ती जागा झाली, आणि २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरी प्रत्यक्ष वापरण्याची सोय आली. तेव्हापासून मराठी शब्द पासवर्ड म्हणून ठेवणे तत्त्वतः शक्य आहे. व्यवहारात अडचण उरतेच. प्रवेशाच्या पडद्यावर कळफलक इंग्रजी असला तर काळ्या ठिपक्यांवरून ते कळत नाही. म्हणून मराठी घरांतली गुपितेही बहुधा रोमन अक्षरांतच राहिली.

हा सगळा इतिहास सांगण्यामागे आमचा हेतू चौकटीची निंदा करण्याचा नाही. वॉनाक्रायनंतर उघड्या कडीच्या वाड्याची ओढ ही केवळ स्मरणरंजन ठरते. तरीही घरासाठी घडविलेली ओळख टिकली नाही. टिकली ती कचेरीची. या व्यवस्थेला व्यक्ती कळते, खाते कळते, परवानगी कळते. 'आमच्या घरातले' हे नाते मात्र तिला कळत नाही.

याचे परिणाम फोल्डर न उघडण्यापुरते राहणार नाहीत. कागदावरच्या वह्या आणि पत्रे घरातल्या माणसाने कपाट उघडले की हाती येत. वाङ्मयाचा इतिहास पुष्कळसा अशा उघडलेल्या कपाटांवर लिहिला गेला आहे. आता लेखकांचे कपाट संगणकात आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २०१० साली सलमान रश्दी यांचा संग्रह अभ्यासकांना खुला केला, त्यात त्यांचे जुने संगणक आणि त्यांतील फाइलीही होत्या. हे शक्य झाले, कारण लेखक हयात होता आणि स्वेच्छेने देत होता. जुन्या यंत्रांत पासवर्ड केवळ दारापुरता असे. तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर फाइली वाचता येत. आता नव्या विंडोज यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर सबंध तबकडीच पुष्कळदा आपोआप कूटबद्ध होते, आणि तिची किल्ली त्याच खात्यात राहते. लेखक गेला आणि शब्दही त्याच्याबरोबर गेला, तर वारसाच्या हाती उरते ती धातूची वडी.

परवल मुळात सांगण्यासाठी होती, संध्याकाळी पाटीवर लिहून हातोहात देण्यासाठी. पासवर्ड कोणाला सांगू नये, हा उपदेश आपण साठ वर्षे ऐकत आलो, आणि परक्याच्या बाबतीत तो रास्तच आहे. घरात मात्र तो एखाद्याला तरी सांगून ठेवावा लागेल. कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट कोठे ठेवले ते सांगून. कोर्बाटो यांचे २०१९ साली निधन झाले. त्यापूर्वी २०१४ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी पासवर्डांची दशा दुःस्वप्नासारखी झाल्याचे मान्य केले होते, आणि आपण स्वतः आपल्या पासवर्डांची यादी टंकलिखित कागदांवर ठेवतो असेही सांगितले होते. ज्यांनी यंत्राला पहिला गुप्त शब्द दिला, त्यांचाही अखेरचा भरवसा कागदावरच होता.